टर्क्वॉइझ किलिफिश: अल्पायुष्याच्या वादाची पार्श्वभूमी

नोथोब्रँकियस फर्झेरी, म्हणजेच टर्क्वॉइझ किलिफिश, हा आफ्रिकेतल्या आटणाऱ्या डबक्यांतला छोटा मासा. त्याचे शास्त्रीय वर्णन १९७१चे. झिम्बाब्वेच्या आग्नेय टोकाला गोनारेझू भागातल्या डबक्यांतून पकडलेल्या माशांची संतती पुढे तीसेक वर्षे हौशी मत्स्यपालकांनीच टिकवली. २००३ मध्ये, हाच (गोनारेझूवरून नाव पडलेला) 'जीआरझेड' वाण प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या आत म्हातारा होऊन मरतो, असे प्रसिद्ध झाले आणि वार्धक्याच्या अभ्यासकांची त्यावर उडी पडली. २०१५ मध्ये जनुकसंच वाचला गेला, तोही याच वाणाचा.

वाद तिथूनच सुरू होतो. २००४ मध्ये मोझांबिकमधून आणलेले याच जातीचे मासे त्याच टाक्यांत कितीतरी जास्त जगले. मग जीआरझेडचे आयुष्य निसर्गाने आखडले की पिढ्यान्‌पिढ्या आपसातल्या पैदाशीने? पुढच्या तुलनांत कोरड्या भागांतले मासे ओल्या भागांतल्यांपेक्षा कमी जगतात असे दिसले. लहान, तुटक डबक्यांत मासे थोडे असल्याने घातक उत्परिवर्तने (जनुकांतले बदल) गाळली जात नाहीत, हे स्पष्टीकरण २०१९ नंतर बळावले. तरी एका अतिशय एकजिनसी वाणाला सगळ्या जातीचे मापदंड ठरवणे घाईचेच होते.

शिवाय देखभालीनेही आकडे हलतात. टाकीत गर्दी किती, खाद्य किती, यावर जीआरझेडही काही ठिकाणी चार-पाच महिने जगतो. सुरुवात तर त्याआधीच चुकू शकते. अंडी ठेवायचे पीट (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) हाताला ओल जाणवेल, पण पिळल्यावर पाणी गळणार नाही, इतपतच ओले हवे. जास्त ओल असली तर बुरशी धरते, कोरडे पडले तर अंडी चेपतात. भ्रूणाच्या डोळ्यांभोवती सोनेरी कडा नीट दिसली की ह्युमिक आम्लाच्या (कुजलेल्या वनस्पतींतून मिळणाऱ्या आम्लाच्या) द्रावणात, लिटरला एक ग्रॅम या मापाने, सुमारे ४ अंश सेल्सिअसला अंडी भिजवतात. नंतर तापमान हळूहळू टाकीच्या २६ अंशांवर येऊ देतात. घाईने किंवा फार उशिरा भिजवली तर वाताशय (तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी) न भरलेली, तळाशी पोटावर घसटणारी पिल्ले निघतात. ती वाढवून आयुर्मान मोजण्यात अर्थ नाही, लगेच वेगळी काढावीत. धडपणे पोहणाऱ्यांना त्याच दिवसापासून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्यासारख्या जीवाची) ताजी पिल्ले द्यावी लागतात.

२०१८ मध्ये मोझांबिकच्या डबक्यांतली नोंद आली: अंड्यातून बाहेर पडल्यावर चौदाव्या दिवशीच काही मासे प्रजननक्षम. तिथे बरीच डबकी काही आठवड्यांतच आटतात. टाकीतले म्हातारपण तिथल्या बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.