‘राइट टू ट्राय’ कायद्यामागची पन्नास वर्षं

३० मे २०१८ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या ‘राइट टू ट्राय’ कायद्याचं म्हणणं थोडक्यात असं: जिवावरचा आजार आहे, मान्य उपचार संपले, औषधाच्या चाचणीतही घेत नाहीत, तर मंजुरी न मिळालेलं औषध रुग्णाला एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेला न विचारता मिळवता यावं. ही मागणी मात्र बरीच जुनी.

गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे युरोपात हजारो मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. अमेरिकेत एफडीएच्या फ्रान्सेस केल्सी यांनी त्याची मंजुरी अडवून धरली होती. १९६२ मध्ये तिथला कायदा कडक झाला. औषध सुरक्षित असून भागेना, ते गुणकारी असल्याचा पुरावाही द्यावा लागू लागला. पुराव्याला वर्षं लागतात आणि या रुग्णांकडे नसतात ती वर्षंच. जर्दाळूच्या बियांतल्या घटकापासून केलेल्या ‘लेट्रिल’साठी कॅन्सरचे रुग्ण कोर्टात गेले, तेव्हा १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं: असाध्य रुग्णांना कायद्यात वेगळी सूट नाही. (लेट्रिल पुढे चाचणीत कुचकामी ठरलं, हेही सांगायला हवं.)

एड्सच्या साथीने हवा बदलली. १९८७ मध्ये नियम थोडे सैल झाले, पण ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘ॲक्ट अप’ या एड्स रुग्णांसाठी लढणाऱ्या गटाच्या कार्यकर्त्यांनी एफडीएच्या मुख्यालयालाच घेराव घातला.

खरी ठिणगी पडली ती अबिगेल बरोजमुळे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या या विद्यार्थिनीला डोकं-मानेचा कॅन्सर होता. तेव्हा चाचणीत असलेल्या ‘अर्बिटक्स’ या औषधाचा उपयोग होईल असं डॉक्टरांना वाटत होतं, पण चाचणी आतड्याच्या कॅन्सरची, म्हणून ती त्यात बसेना. जून २००१ मध्ये, २१ व्या वर्षी ती गेली. तेच औषध २००६ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. वडिलांनी संस्था काढून एफडीएवर खटला भरला. २००६ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच वर्षी पूर्ण पीठाने तो ८ विरुद्ध २ मतांनी फिरवला.

कोर्टाचा रस्ता बंद झाल्यावर ॲरिझोनाच्या गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या सरकारी नियंत्रणाला विरोध करणाऱ्या धोरण-संस्थेने राज्यांची विधिमंडळं गाठली. मे २०१४ मध्ये कोलोरॅडोने पहिला कायदा केला, चार वर्षांत चाळीसच्या आसपास राज्यं झाली आणि मग केंद्राचा कायदा आला.

माझ्या मते यात नेम चुकला. चाचणीबाहेरच्या रुग्णाला मंजुरी न मिळालेलं औषध द्यायची एफडीएची ‘एक्सपांडेड ॲक्सेस’ ही वाट आधीपासून होती आणि तिथले सुमारे ९९ टक्के अर्ज मंजूर होत. अडायचं ते कंपनीकडे: माल थोडा, आणि चाचणीबाहेर रुग्ण दगावला तर बदनामीची धास्ती. नव्या कायद्याने कंपनीवर औषध देण्याची सक्ती केली नाही, विमा कंपनीवर खर्चाची नाही. औषधाची निदान पहिल्या टप्प्याची (थोड्या माणसांवरची, मुख्यतः सुरक्षितता तपासणारी) चाचणी झालेली हवी, ही अट तेवढी राहिली. मोंटाना राज्याने तर २०२३ मध्ये आपल्या कायद्यातली असाध्य आजाराची अटही काढून टाकली.