सांदण दरीला एकट्याने जाताना: साहित्य भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सोलापूरच्या दुकानात सॅक, हेल्मेट घ्यायला येणाऱ्यांपैकी हल्ली बरेच जण एकटेच निघालेले असतात, आणि त्यातल्या अनेकांना जायचे असते ते सांदणला. एकटे आहात म्हणून आम्ही कुणाला परत पाठवत नाही. पण ही वाट किल्ल्याच्या वाटेसारखी नाही. काउंटरवर पाच मिनिटांत सगळे सांगून होत नाही, म्हणून हा कागद. सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि प्रवासात वाचून काढा.

हिशेब उलटा आहे

किल्ला चढताना दम आधी लागतो. जमत नसेल तर माणूस तिथूनच वळतो, आणि पुढे उतारच असतो. दरीत सकाळी ताज्या पायांनी उतरायचे आणि दमल्यावर चढायचे. उतरताना धाप लागत नाही, त्यामुळे आपण किती आत आलो हे कळतच नाही. मांडीचे स्नायू मात्र प्रत्येक पावलाला अंगाचे वजन तोलत ताणले जात असतात. परत फिरल्यावर पहिल्या मोठ्या धोंड्यावर पाय टाकला की ते थरथरू लागतात, तेव्हा माणसाला समजते.

म्हणून पाणी आणि ताकद अर्धी-अर्धी वाटू नका. जाताना एक भाग, येताना दोन भाग. तीन लिटर पाणी नेले असेल तर एक लिटर संपल्यावर वळायचे, मग समोर कितीही छान दिसत असो. घड्याळाचेही तसेच. सकाळी सातला दरीच्या तोंडाशी असाल, तर साडेदहाला जिथे पोचला असाल तिथून मागे फिरा. दरीच्या तोंडाशी पोचायला उशीर झाला असेल तर ही वेळ पुढे ढकलायची नाही, चालणे कमी करायचे.

दरी कशी आहे

सांदण अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ आहे. रतनगडाचा शेजार, आणि सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. गावाकडून झाडीतली सरळ पायवाट येते आणि जमीन एकदम चिरल्यासारखी उघडते. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच काळ्या कातळाच्या भिंती. मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद, की वर आभाळाची पट्टीच उरते. दरी कोकणाच्या दिशेने उतरत जाते.

सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पाणी कमरेच्या वरही असते, उन्हाळ्यात उतरते. ऊन तिथे क्वचितच पोचते, त्यामुळे पाणी मे महिन्यातही गार. डोह संपले की धोंड्यांचे राज्य. पायवाट अशी नाहीच. खोलीएवढ्या दगडांवरून, कधी त्यांच्या खालून, हात टेकत जायचे. इथे माणसे घाई करतात आणि घोटे मुरगळतात. दगडावर पूर्ण वजन टाकण्याआधी तो हलतो का ते पाहा.

पुढे साधारण 45 फुटांचा कडा येतो. एकट्याची वाट तिथे संपते. त्याच्या खाली दोर लावून उतरावे लागते, तसे आणखी टप्पे आहेत, आणि एकदा दोर ओढून घेतला की त्या वाटेने परत वर येता येत नाही. खाली डेहणे गावाच्या बाजूला बाहेर पडून करोली घाटाने वर यावे लागते. ते काम अनुभवी गटाचे. म्हणून एकट्या ग्राहकाला आम्ही दोर आणि हार्नेस (दोराला अडकण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा) देत नाही. व्हिडिओ पाहून शिकलो आहे, असे सांगणाऱ्याला तर मुळीच नाही. कृपया आग्रह धरू नका.

सोलापूरकरांसाठी खास

आपल्याला उन्हाची सवय आहे, हे खरे. पण ती कोरड्या उन्हाची. सोलापुरात घाम येतो आणि वाळतो, अंग थंड राहते. सांदणच्या तोंडाशी कोकणातली दमट हवा वर येते, त्यात घाम अंगावरच राहतो आणि शरीर तापत जाते. तहान लागली नाही तरी घोट घोट पीत राहा. नुसते पाणीही पुरत नाही, मीठ जाते. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात घालून ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या मापाने, अंदाजाने नाही. डोहातले पाणी पिऊ नका.

खाण्याचे मात्र आपल्याकडे जे आहे त्याहून चांगले आम्हाला अजून सापडलेले नाही: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खराब होत नाही, वजन नाही, आणि चटणीतले मीठही कामी येते. भाकरी डब्यात ठेवा, नाहीतर पहिल्या डोहापर्यंत तिचा चुरा झालेला असतो.

दुसरी अडचण, आपला मुलूख सपाट. पायांना चढउताराची सवय नसते. जाण्याआधीचे दोन-तीन रविवार नळदुर्गला काढा. तटावर, बुरुजांवर भरलेली सॅक घेऊन चढउतर करा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या. गुडघा दुखला तर तो तिथेच कळलेला बरा.

अंतर रस्त्याने साधारण 400 किलोमीटर आहे. सोलापुरातून रात्री गाडी चालवत निघून सकाळी थेट दरीत उतरणे हा वेडेपणा आहे. आदल्या दिवशी साम्रदला मुक्काम करा, गावातल्या घरांमधून जेवणाची आणि राहण्याची सोय होते. रेल्वेने पुण्यापर्यंत आणि पुढे संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असे एसटीने जाता येते. शेंडीच्या पुढे वाहन मिळेलच असे नाही, मुक्कामाच्या घरी आधी फोन करून ठरवून ठेवा.

कधी जाऊ नये

पावसाळ्यात नाही. हे सगळ्यांना माहीत असते. मे महिन्यातला वळीव मात्र लोक विसरतात. वर पठारावर पडलेला पाऊस या चिरेतून खाली येतो, आणि भिंतींमध्ये अडकलेल्या माणसाला बाजूला व्हायला जागा नसते. ढग जमू लागले, गडगडाट ऐकू आला, किंवा स्वच्छ पाणी अचानक गढूळ होऊन पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर सॅकची पर्वा न करता निघा.

कड्यांवर आग्या मोहोळ असते. अत्तर, डिओ लावून जाऊ नका. धूर, सिगारेट, आरडाओरडा, ड्रोन, काहीही नको.

एकटे म्हणजे कुणालाही न सांगता नव्हे

दरीत मोबाईलला रेंज नसते, आणि उंच भिंतींमुळे जीपीएसही भरकटते. 108 किंवा 112 लावायचा तर आधी वर यावे लागेल. त्यामुळे मुक्कामाच्या घरी कागदावर लिहून द्या: नाव, घरचा नंबर, शर्टाचा रंग, किती वाजता परत येणार आणि किती वाजेपर्यंत न आल्यास शोधायला निघायचे. यापेक्षाही चांगले म्हणजे गावातला वाटाड्या बरोबर घ्या. तुमचे एकटेपण तो मोडत नाही. बहुतेक वेळ तो पुढे दहा पावलांवर गप्प चालत असतो.

सॅकला आम्ही शिट्टी बांधून देतो. अडकलात तर मिनिटात सहा वेळा वाजवा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा वेळा. ही जगभरातल्या डोंगरांत चालणारी खूण आहे. ओरडण्याने घसा लवकर बसतो.

आम्ही काय देतो

हेल्मेट, हेडटॉर्च, पाणी न शिरणारी पिशवी आणि सॅक. हेल्मेट जड वाटले तरी काढू नका. वर माकडे फिरतात, दगड सुटतात. टॉर्च दिवसाच्या ट्रेकला कशाला, असे विचारतात. दरीत अंधार बाहेरच्यापेक्षा खूप आधी होतो. चालण्याची काठी या वाटेसाठी आम्ही मुद्दाम देत नाही, धोंड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. बूट तुमचेच आणा, पण तळवा घासलेला असेल तर शेवाळलेल्या कातळावर उभेही राहता येणार नाही. जीन्स घालून जाऊ नका, ओली झाल्यावर ती गुडघा वाकू देत नाही.

परत आणताना सामान धुतले नसले तरी चालेल, ओले मात्र बांधून ठेवू नका. हेल्मेटवर दगड पडला असेल किंवा ते आपटले असेल तर नक्की सांगा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही. ते हेल्मेट फक्त पुढच्या ग्राहकाला दिले जात नाही.