रक्त ‘पातळ’ करणारं औषध गुठळी विरघळवत नाही

‘फुफ्फुसात गुठळी अडकली तरी रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं की ती विरघळते’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिकच, घोळ नावातच आहे. त्या इंजेक्शनातल्या हेपॅरिन या औषधाने रक्त पाण्यासारखं होत नाही. ते गोठण्याची क्रिया रोखतं, म्हणजे आहे ती गुठळी वाढत नाही. विरघळवण्याचं काम शरीरातलं प्लाझ्मिन हे एन्झाइम करतं, सावकाश, आठवडे-महिने घेऊन. बहुतेकांना तेवढं पुरतं.

पण गुठळीने मोठी धमनीच अडवली, हृदयाचा उजवा कप्पा फुगला, रक्तदाब कोसळला, तर थांबायला वेळ कुठला? मग अल्टेप्लेससारखं खरोखर विरघळवणारं औषध देतात. त्यात रक्तस्रावाची भीती असते. ते चालणार नसेल, तर काही रुग्णांत जांघेतल्या शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसाच्या धमनीत नेऊन गुठळी ओढून काढतात. छाती उघडावी लागत नाही. बाहेर येणारी गुठळी कधीकधी लांबट असते, पायाच्या शिरेच्या साच्यातून निघाल्यासारखी.

पडताळायचंय? दोन्ही औषधांचे प्रकार शोधून बघा. हेपॅरिन ‘अँटिकोअ‍ॅग्युलंट’, म्हणजे गोठणं रोखणारं. अल्टेप्लेस ‘थ्रॉम्बोलिटिक’, म्हणजे गुठळी फोडणारं.