पालावानचा समुद्र कुणी राखला?

फिलिपीन्सच्या नैऋत्येला बोर्निओच्या दिशेने तिरका गेलेला बेटांचा लांबलचक पट्टा म्हणजे पालावान प्रांत. सतराशेहून अधिक लहानमोठी बेटं, एका बाजूला दक्षिण चीन समुद्र, दुसऱ्या बाजूला सुलू समुद्र. स्कूबा डायव्हिंगच्या जगात या प्रांताचं नाव आज फार वर घेतलं जातं. त्याची सुरुवात मात्र पर्यटनातून झालेली नाही, युद्धातून झाली.

सप्टेंबर १९४४. अमेरिकी विमानांनी मनिलाच्या बंदरावर जबर हल्ले केले, तेव्हा जपानची रसद वाहणारी जहाजं तिथून निसटून पालावानच्या उत्तर टोकाला, कोरोन आणि बुसुआंगा बेटांच्या आडोशाला येऊन थांबली. डोंगराळ बेटांच्या मधल्या खाडीत आपण दिसणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. २४ सप्टेंबरच्या सकाळी साडेपाचशे किलोमीटरवरच्या विमानवाहू नौकांवरून उडालेली विमानं तिथेही पोहोचली आणि एकेक जहाज तळाला गेलं. त्यात गोठवलेलं अन्न पुरवणारं ‘इराको’ होतं, समुद्री विमानांची देखभाल करणारं ‘अकित्सुशिमा’ होतं, बांधकामाचं सामान घेऊन निघालेलं ‘कोग्यो मारू’ होतं.

या खाडीचं वैशिष्ट्य असं, की बुडालेल्या जहाजांचे बहुतेक सांगाडे साध्या डायव्हरच्या आवाक्यातल्या खोलीवर आहेत. लुसोंग बेटाजवळची छोटी नौका तर इतकी उथळ, की ओहोटीला तिचं टोक पाण्याबाहेर येतं आणि नुसत्या स्नॉर्कलवरही, म्हणजे पाण्यावर तरंगत नळीतून श्वास घेत, ती पाहता येते. कोग्यो मारू कुशीवर पडलंय. त्याच्या तळघरात सिमेंटच्या गोण्या आजही आहेत, पण कापड कधीच कुजून गेलं आणि आतलं सिमेंट गोणीच्याच आकारात दगड होऊन रचलेलं राहिलं. जवळच एक बुलडोझर. भोवती लायनफिश आणि बॅटफिशचे थवे. ही जहाजं म्हणजे अनेक खलाशांची थडगीही आहेत. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

याच भागात कोरोन बेट आहे, चुनखडीच्या काळ्या कड्यांचं. ते ताग्बान्वा आदिवासींचं. कड्यांमधून पाकोळ्यांची खाण्याजोगी घरटी काढणं आणि मासेमारी, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. बेटावरच्या काही तळ्यांत आणि समुद्राच्या काही भागांत आत्म्यांचं वास्तव्य असतं, तिथे कुणी जायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. १९९८ साली सरकारने त्यांचा वडिलोपार्जित हक्क मान्य केला आणि जमिनीबरोबर भोवतीचं पाणीही त्यात धरलं. ही मोठी गोष्ट होती, कारण समुद्रावरचा आदिवासींचा हक्क तोवर कुणी फारसा विचारातच घेत नव्हतं. आज पर्यटकांसाठी मोजकीच तळी खुली आहेत. त्यांतलं बाराकुडा तळं डायव्हरांचं लाडकं. वरचं पाणी नेहमीसारखं, पण चौदा-पंधरा मीटरवर गेलं की तापमान एकदम ३८ अंशांच्या आसपास चढतं. दोन थर भेटतात तिथे पाणी गरम तव्यावरच्या हवेसारखं थरथरतं.

दक्षिणेकडे एल निदो या पर्यटनस्थळाची गोष्ट योगायोगाची. १९७९ साली एका डायव्हिंग बोटीच्या पंख्यात रात्री मासेमारीची दोरी अडकली, नाइलाजाने नांगर टाकावा लागला, आणि उजाडल्यावर समोर बाकुइतच्या उपसागरातले कडे दिसले. पुढे तिथे रिसॉर्ट आलं.

पण पालावानचं खरं वैभव तुब्बाताहा. पालावानची राजधानी पुएर्तो प्रिन्सेसापासून सुमारे १५० किलोमीटर आग्नेयेला, भर सुलू समुद्रात दोन कंकणद्वीपं, म्हणजे प्रवाळाची कड्यासारखी गोल बेटं, त्यांच्या कडेने खोल उतरणाऱ्या प्रवाळाच्या सरळ भिंती. सुमारे ३६० जातींची प्रवाळं इथे नोंदली गेली आहेत. वस्ती नाही, गोडं पाणी नाही. वर्षातला बराच काळ समुद्र खवळलेला, त्यामुळे काग्यान्सिल्यो बेटांवरचे कोळी फक्त उन्हाळ्यात शिडाच्या होड्यांतून इथे यायचे. जागा राखली गेली ती या दुर्गमपणामुळे. १९८०च्या दशकात इंजिनाच्या बोटी आल्या आणि हे कवच गळून पडलं. पाण्यात स्फोट करून, सायनाइड फवारून मासे धरणारे पोहोचले. शतकानुशतकं वाढलेलं प्रवाळ एका स्फोटात भुगा होतं.

हे डोळ्यांनी पाहणारे पहिले लोक डायव्हर होते. त्यांनी आणि पर्यावरणवाद्यांनी आवाज उठवला, प्रांतिक सरकारने साथ दिली, आणि ऑगस्ट १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी तुब्बाताहा राष्ट्रीय सागरी उद्यान म्हणून घोषित केलं. १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव गेलं. कागदावर हे झालं तरी लूट थांबली नव्हती. फरक पडला तो १९९५ नंतर, नौदलाचे जवान कायमचे पहाऱ्यावर बसले तेव्हा. वाळूच्या पट्ट्यावरच्या चौकीत आज नौदल, तटरक्षक दल, उद्यान कार्यालय आणि काग्यान्सिल्यो नगरपालिका यांची माणसं आळीपाळीने महिनोन्‌महिने राहतात. माझ्या मते तुब्बाताहा वाचलं ते या माणसांमुळे.

नियम सगळ्यांना सारखा, हेही इथे दिसलं. २००५ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेचं ‘रेनबो वॉरियर’ जहाज प्रवाळावर चढलं आणि संस्थेने दंड भरला. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी नौदलाचं सुरुंगशोधक जहाज ‘गार्डियन’ रुतलं. चुकीचा डिजिटल नकाशा हे त्यामागचं एक कारण. जहाज कापून तुकड्यातुकड्यांनी हलवावं लागलं, २,३०० चौरस मीटरहून अधिक प्रवाळ उद्ध्वस्त झालं, आणि अमेरिकेने ८ कोटी ७० लाख पेसोंची भरपाई दिली. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या निर्णयानुसार मोठ्या जहाजांनी हा भाग टाळायचा आहे.

डायव्हरांसाठी हंगाम मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा. मुक्काम बोटीवरच. प्रत्येकाकडून घेतलं जाणारं संवर्धन शुल्क हा पहाऱ्याच्या खर्चाचा मोठा आधार. २०२० मध्ये कोविडने हंगाम बुडाला आणि हे उत्पन्न आटलं, तरी चौकी रिकामी राहिली नाही. सगळा भार पर्यटकांच्या शुल्कावर टाकणं किती धोक्याचं आहे, हे त्या वर्षी कळलं. पहाऱ्याच्या पगाराची हमी सरकारी तिजोरीतूनच मिळायला हवी.