व्हिडिओ लहान करण्याची पन्नास वर्षं

टीव्हीचं चित्र अंकांत कसं साठवायचं याचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९८२ साली ठरलं. आपल्याकडे तेव्हा चालणाऱ्या पॅल या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत एका फ्रेममध्ये, म्हणजे एका स्थिर चित्रात, ७२० गुणिले ५७६ बिंदू आणि सेकंदाला २५ फ्रेम. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातले बारकावे जितके कळतात तितके रंगातले कळत नाहीत, म्हणून रंगाची माहिती निम्मीच घ्यायची असं ठरलं. तरीही सेकंदाला सुमारे १६.६ कोटी बिट, म्हणजे शून्य-एकचे अंक, झाले. त्याच वर्षी बाजारात आलेल्या सीडीवर असं चित्र भरलं असतं, तर ती अर्ध्या मिनिटात संपली असती.

यावरचा तोडगा आठ वर्षं आधीच छापून आला होता. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद तेव्हा अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९७२ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेकडे संशोधनासाठी पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. कल्पना फारच साधी आहे, असं एका परीक्षकाचं मत पडलं. अहमद यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजे डीसीटी, ती हीच. आज फोनवर दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक व्हिडिओमागे ती किंवा तिच्यातून निघालेली पद्धत आहे. ही तीन नावं आपल्या शाळांत शिकवली जायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

डीसीटी करते काय? चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे ६४ ठरावीक नक्ष्यांची बेरीज, असं मांडायचं: काही नक्ष्या सपाट, काही संथ उतरत्या, काही अगदी बारीक. साध्या चित्रात बहुतेक सगळा भार पहिल्या थोड्या नक्ष्यांवर असतो. इथपर्यंत काहीच हरवत नाही. हरवतं ते पुढच्या पायरीला. बारीक नक्ष्यांचे आकडे ढोबळ केले जातात, त्यातले कितीतरी शून्य होतात आणि शून्यांना जागा लागत नाही. चित्राचा दर्जा ठरतो तो हे ढोबळ करणं किती कठोर आहे त्यावर.

दुसरी युक्ती हालचालीची. फोनलाइनवरून चित्रासह बैठका घेता याव्यात म्हणून १९८८ साली एच.२६१ हे मानक आलं. त्यात पूर्ण फ्रेम पुन्हा पाठवायची नाही. आधीच्या फ्रेममधला कोणता चौकोन कुठे सरकला एवढं सांगायचं आणि उरलेला फरक तेवढा डीसीटीतून काढायचा. पुढची सगळी मानकं याच दोन खांबांवर उभी राहिली आणि प्रत्येकाचा आकार त्या काळच्या साधनाने ठरवला. एमपेग-१ हे पुढचं मानक सीडीच्या वेगात बसवलं गेलं: चित्र ३५२ गुणिले २८८, सेकंदाला सुमारे साडेअकरा लाख बिट. १९९३ साली यातूनच व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओची सीडी, आली. एका तबकडीत ७४ मिनिटं, म्हणून आपले सिनेमे दोन-तीन तबकड्यांवर यायचे.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लग्नाची व्हीसीडी अजून असेल. त्यात अंतरपाट दूर होऊन अक्षता पडतात, त्या क्षणी चित्राचे चौकोन फुटलेले दिसतात. मिरवणुकीत गुलाल उधळला की तसंच. कारण सरळ आहे. शेकडो दाणे वेगवेगळ्या दिशांना उडतात, तेव्हा ‘हा चौकोन इथून तिथे गेला’ हे सांगणं चालत नाही. फरक प्रचंड वाढतो, बिट मात्र तेवढेच असतात.

डीव्हीडीच्या एमपेग-२ने ही ओढाताण बरीच कमी केली. दूरदर्शनची २००४ साली सुरू झालेली मोफत डीटीएच सेवाही एमपेग-२वरच होती. २००३ च्या एच.२६४ या मानकाने साधारण निम्म्या बिटांत तेवढंच चित्र दिलं. त्यात चौकोनांच्या कडा मऊ करणारी गाळणी आहे, त्यामुळे बिट कमी पडले की चित्र फुटत नाही, पुसट होतं; चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात. त्यानंतरच्या, २०१३ च्या एचईव्हीसी या मानकाचं पेटंटशुल्क किचकट ठरलं आणि २०१८ साली शुल्काविना वापरता यावं या हेतूने एव्ही१ हे मानक आलं.

फाइलच्या नावातला ‘एमपी४’ यातलं काहीच सांगत नाही. ते फक्त बाहेरचं पाकीट आहे. ‘१०८०’ हा आकडाही ओळींची संख्या सांगतो, त्यात किती तपशील उरलाय ते नाही. फॉरवर्ड होताना व्हिडिओ पुन्हा दाबला गेला की आकडे पुन्हा ढोबळ होतात आणि गेलेला तपशील परत येत नाही.

म्हणून लग्नाची मूळ व्हीएचएस टेप घरात असेल तर व्हीसीडी आहे म्हणून ती टाकू नका. टेपवर सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम आहेत, प्रत्येकीत एकाआड एक ओळी. व्हीसीडीत त्यातल्या सहसा २५च उतरल्या. टेप नव्याने डिजिटल करून घ्या आणि दुकानदाराला ५७६ ओळी आणि ५० अर्ध्या फ्रेम तशाच ठेवायला सांगा. टेप उरलीच नसेल, तर व्हीसीडीवरच्या ‘डॅट’ फाइली जशाच्या तशा संगणकावर उतरवा. त्या मुळात एमपेग-१च आहेत, त्यांना पुन्हा दाबायची गरज नाही.