वांग्याची गाडी आणि तापीचा पूर

अमळनेर तालुक्यात, तापीकाठी आमचं गाव. उन्हाळ्यात रात्री अंगणात खाटा पडायच्या आणि आजी गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी 'हूं' म्हणत राहायचं, असा नेमच होता. हूं थांबला की आजीही थांबायची. "झोपी गयात का रे?"

एकदा गोष्टीतलं वांगं फेटा बांधून, दोन उंदीर गाडीला जुंपून चोपड्याच्या बाजाराला निघालं. आमचा हूं चालूच. वांग्याला फेटा बसला कसा, उंदरांनी गाडी ओढली कशी, कुणी विचारलं नाही. पुढे आजी म्हणाली, श्रावणाचा महिना होता, गाडी तापी उतरून पलीकडे गेली. चुलतभाऊ ताडकन उठून बसला. "आजी, श्रावणमा तापीले पूर ऱ्हास!"

आजीने लगेच एक कासव आणलं, त्याच्या पाठीवर गाडी चढवली. तरी कुणी हूं म्हणेना. "हे कासव कथाईन उनं?" कुठून आलं हे मधेच, असा सवाल.

बोलणारं वांगं चालतं आणि पोहणारं कासव चालत नाही, हे काय गौडबंगाल? इंग्रज कवी कोलरिज याने १८१७ साली म्हटलं होतं की वाचक काही वेळ आपला अविश्वास राजीखुशीने बाजूला ठेवतो. हे वाक्य आजही सगळीकडे चालतं. पण आमच्या अंगणात अविश्वास बाजूला वगैरे कुणी ठेवला नव्हता. तो हूं म्हणत जागाच होता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन याने १९३९ च्या एका व्याख्यानात जवळपास हाच आक्षेप घेतला: अविश्वास मुद्दाम दाबावा लागत असेल तर गोष्ट फसली म्हणायची. चांगला गोष्टकार दुसरं जग उभं करतो, आणि त्या जगाच्या कायद्याने जे खरं ते आत शिरलेल्याला खरंच वाटतं.

हे नुसतं साहित्यिकांचं बोलणं राहिलेलं नाही, मेंदूवर मोजून पाहिलं गेलं आहे. डोक्याला इलेक्ट्रोड लावून माणसाला वाक्य वाचायला दिलं आणि त्यात न जुळणारा शब्द आला, तर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी विजेचा एक ठरावीक ऋण लोट उमटतो. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी तो दाखवला. गरम पावाला लोण्याऐवजी मोजे लावले, असं वाक्य दिलं की लोट मोठा होतो. त्याला एन४०० म्हणतात. मेंदूचा हूं अडखळला, असं मी त्याचं भाषांतर करतो.

२००६ मध्ये नेदरलँड्समध्ये न्यूलँड आणि फान बेरकुम यांनी यावरच एक गमतीदार प्रयोग केला. लोकांना छोटी गोष्ट दिली. एका बाईला नाचणारा शेंगदाणा दिसतो, त्याच्या तोंडावर हसू आहे, नुकत्याच भेटलेल्या मुलीवर तो गाणं म्हणतोय. शेवटी एकदा 'शेंगदाणा खारवलेला होता' असं आलं, एकदा 'शेंगदाणा प्रेमात पडला होता'. आता वांग्याच्या भरतात तळलेले दाणे आणि ताटात दाण्याची चटणी, अशा आपल्या घरात प्रेमात पडलेला शेंगदाणा कुणाला पटेल? पण एन४०० मोठा निघाला तो 'खारवलेला' या शब्दावर! चार वाक्यांत मेंदूने त्या जगाचा कायदा शिकून घेतला होता, आणि जगभराच्या अनुभवापेक्षा तोच कायदा वरचढ ठरला.

म्हणजे मेंदू तपासणी बंद करत नाही, मोजपट्टी बदलतो. वांगं बोलतं, हा गोष्टीचा पहिला करार. पण तापीबद्दल आजीने वेगळं काही सांगितलं नव्हतं, म्हणून ती आमची रोजची, श्रावणात दुथडी भरणारी तापीच राहिली. जे बदललं म्हणून सांगितलं नाही, ते ऐकणारा आपल्या जगातून उचलून भरतो.

कासवाचा गुन्हा निराळा. त्याने कायदा मोडला नव्हता, ते फक्त नेमक्या अडचणीच्या वेळी उगवलं. प्राचीन ग्रीक नाटकात शेवटी यारीने, म्हणजे क्रेनसारख्या यंत्राने, देव रंगमंचावर उतरवायचे आणि तो सगळा गुंता सोडवायचा. अशा सोडवणुकीवर अॅरिस्टॉटलनेही नाक मुरडलं होतं. अशक्य पण पटणारं हे शक्य पण न पटणाऱ्यापेक्षा बरं, हेही त्याचंच मत. माझं निरीक्षण असं की नायकाला खड्ड्यात पाडणारा योगायोग आपण हसत गिळतो, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते. खड्ड्यातून काढणारा योगायोग मात्र घशात अडकतो. तोवर आपण मनात सुटकेच्या वाटा मोजायला लागलेलो असतो आणि गोष्टकार भलत्याच वाटेने पळतो. (मालिकांमध्ये ऐन लग्नात हरवलेला जुळा भाऊ परत येतो, तेव्हा आमच्या घरात रिमोट शोधला जातो.)

आजीला यातलं काही वाचून ठाऊक नव्हतं. दुसऱ्या रात्री तिने गोष्ट पहिल्यापासून लावली. या वेळी चैत्रात, आटलेल्या डबक्यात एक कासव अडकलं होतं. वांग्याने त्याला फेट्यात गुंडाळून नदीत सोडलं. मग बराच वेळ कासवाचं नाव नाही. बाजार ठरला, उंदीर जुंपले, श्रावण आला, पूर आला. पाण्यातून पाठ वर येताना दिसली आणि आम्ही आजीच्या आधीच ओरडलो, "कासव!" चुलतभावाचा आवाज सगळ्यांत मोठा.

गेल्या दिवाळीत हीच गोष्ट मी भाचीला सांगितली, चैत्रातल्या कासवासकट. वांगं बाजार करून परत निघालं आणि ती मध्येच म्हणाली, "मामा, पण कासवाला थांबायला सांगितलं होतं का?"

"थांब," मी म्हटलं, "पहिल्यापासून सांगतो."