पोर्ट २५ म्हणजे ५८७ चा पर्याय नव्हे

मेल येण्याचं, म्हणजे आयमॅपचं, सगळ्यांना नीट जमतं. घोळ होतो तो मेल जाण्याच्या सेटिंगमध्ये, पोर्ट (म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा नंबर) टाकताना. नारायण पेठेतल्या सीएच्या ऑफिसातला स्कॅनर असो की भोसरीतल्या कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर, "५८७ चालत नाहीये? मग २५ टाकून बघ" हा सल्ला ठरलेला. अरे, बघ काय बघ!

दोन्हींवर एसएमटीपीच (मेल पाठवायची ठरलेली भाषा) चालतं, पण कोण कुणाशी बोलतंय ते वेगळं. २५ वर एक मेल सर्व्हर दुसऱ्या मेल सर्व्हरशी बोलतो. ज्याला मेल पाठवायचाय त्याच्या डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड (त्या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचे, ती नोंद) बघतो आणि थेट तिथे जातो. तिथे पासवर्ड मागत नाहीत, कारण अनोळखी सर्व्हरलाही मेल आणून देता आला पाहिजे. अट एवढीच, की मेल तिथल्याच डोमेनच्या पत्त्यावर आलेला हवा. ५८७ वर तुमचं आउटलुक किंवा तो स्कॅनर आपल्याच सर्व्हरकडे मेल सोपवतो. आधी लॉगिन, मग सर्व्हर तो कुठेही पोचवेल. १९८२ च्या एसएमटीपीत ही फोड नव्हती. ५८७ आला १९९८ मध्ये, खास याचसाठी.

म्हणूनच २५ टाकल्यावर होतं ते फसवं असतं. ऑफिसातल्या ऑफिसात मेल झकास जातात, सगळे खूश. बाहेर जीमेलवर पाठवला की '५५४ रिले ॲक्सेस डिनाइड', म्हणजे 'हा मेल बाहेर पोचवणार नाही'. सर्व्हरचं काही चुकलेलं नसतं. पण कुणीतरी हुशारी करतं आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये (लॉगिनशिवाय कुणाचे मेल पुढे पाठवायचे, ती यादी) अख्खं जग घालून मोकळं होतं. झाला ओपन रिले, म्हणजे कुणाचाही मेल कुठेही पोचवणारा सर्व्हर! स्पॅमवाले तो हुडकतातच, आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि मग आपली साधी कोटेशनंही परत यायला लागतात. करायचं होतं ते एवढंच: पोस्टफिक्सच्या 'मास्टर डॉट सीएफ' फाइलमधल्या 'सबमिशन'च्या (म्हणजे ५८७ च्या) ओळींपुढचा हॅश (#) काढायचा आणि लॉगिन सक्तीचं करायचं.

क्लाउडवरून २५ ला टाइमआउट येत असेल तर फायरवॉल उकरत बसू नका. एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउड बाहेर जाणारा २५ मुळातच अडवून ठेवतात. पोस्टफिक्सच्या 'रिलेहोस्ट'मध्ये (बाहेरचे मेल ज्या सर्व्हरकडे सोपवायचे तो) ५८७ द्या, विषय संपला.

राहिला ४६५, मेल सोपवायचाच दुसरा पोर्ट. त्यावर टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) पहिल्यापासून, ५८७ वर आधी साधं कनेक्शन आणि मग स्टार्टटीएलएस या आज्ञेने ते चालू. ५८७ लिहून शेजारी 'एसएसएल' (म्हणजे पहिल्यापासून टीएलएस) निवडलंत, तर 'राँग व्हर्जन नंबर' येणारच. २०१८ पासून शिफारस ४६५ चीच आहे; नव्या ठिकाणी मीही तोच टाकतो.